थांबलंय तिथेच राहू दे

कुमुदआत्यांसमोर ‘कधीकधी’ म्हणायची सोय नव्हती. निवृत्त होईपर्यंत त्या टेलिफोन खात्यात तक्रारींच्या टेबलावर बसल्या. बनारसच्या गल्ल्यांतले लोक येऊन सांगायचे, “मैडम, फोन कभी-कभी मर जाता है.” आत्या विचारायच्या, “कभी-कभी मतलब? बारिश में? कि बंदर तार पर झूलता है तब?” निवृत्तीनंतरही ती सवय गेली नाही. ब्रह्मा घाटावरच्या त्यांच्या घरी दूधवाला म्हणाला, कभी-कभी देर हो जाती है, तर त्यांनी त्याला उंबऱ्यावर बसवून वार मोजायला लावले होते.

त्या माझ्या सख्ख्या आत्या नव्हत्या, आईच्या ओळखीच्या. आम्ही रामघाटाजवळ राहतो. बाबा वेदपाठशाळेत स्वयंपाक करतात, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे काही अडलं की कोणाला विचारायचं हे मला कळत नसे. विचारलं तर आपल्याला येत नाही हे उघडं पडेल, अशी भीतीही असे.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी आणि माझा वर्गमित्र विकास आमच्याच घरी सीएनसी राउटर बनवत होतो. संगणकावर काढलेलं चित्र हे मशीन लाकडात कोरतं. कोरणारा हात मोटरी हलवतात. आम्ही कमळ कोरत होतो. मधेच डावी-उजवीकडची मोटर नुसती गुरगुरायची, जागची हलायची नाही, आणि पाकळीतून सरळ चर निघून जायचा. थोड्या वेळाने तीच मोटर काही झालंच नाही अशी चालायची. चार दिवस सगळं ठीक, मग एका तासात दोनदा. मोटर बदलून झाली, वेग कमी करून झाला. परीक्षा दोन आठवड्यांवर होती. आमच्या गाइडसरांनी आधीच विचारलं होतं, “बना-बनाया तो नहीं खरीद लाए?” बाहेरच्या परीक्षकांसमोर मशीन अडलं आणि का अडलं हे सांगता आलं नाही, तर ते आम्ही बनवलंय यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

आईने हे आत्यांना सांगितलं. त्या मटारची पिशवी घेऊन आल्या आणि मशीनसमोर पाटावर बसल्या.

“बंद पाड,” त्या म्हणाल्या.

“आत्या, ते आपोआप होतं. कधीक…”

त्यांनी नुसतं बघितलं. “बरं, चालू दे. मी बसते.”

दुसऱ्या दुपारी मोटर अडली. माझा हात पटकन बटणावर गेला आणि मशीनचा हात सुरुवातीच्या कोपऱ्यात परत गेला.

“हे काय केलंस?”

“परत पहिल्या जागी आणलं.”

“चोर दारात सापडला होता, माधव. तू त्याला रिक्षा करून दिलीस.”

मी खरं तेच सांगितलं. अडलेलं मशीन मला बघवत नसे. बाबा येण्याआधी, विकास बघण्याआधी मी ते सरळ करून ठेवायचो. बिघडलेली कमळंही खाटेखाली ढकलली होती.

आत्या मटार सोलत राहिल्या. “लाजायचं तर मशीन लाजेल. तू कशाला मधे पडतोस? काढ ती कमळं.”

अकरा कमळं निघाली. त्यांनी ती एकाशेजारी एक मांडली आणि प्रत्येक चरावर मटारचा दाणा ठेवला. सगळे दाणे उजवीकडच्या पाकळ्यांवर आले. मला आठवलं, मधले चार दिवस आम्ही डाव्या कोपऱ्यात लहान तुकडे कोरत होतो.

“आता अडलं की हात लावू नकोस. थांबलंय तिथेच राहू दे.”

त्यानंतर अडायला एक दिवस लागला. अडलं तेव्हा आत्यांचा चेहरा पाहुणा आल्यासारखा खुलला. “आलं. अब कहाँ जाओगे, बेटा.” एक हात मोटरवर ठेवून दुसऱ्या हाताने त्या वायर बोटबोटभर वाकवत गेल्या. एका जागी मोटर थरथरली आणि चालू लागली. “इथे.” मशीनचा हात पार उजवीकडे गेला की वायर तिथेच दुमडत होती. मशीन बंद करून मी ब्लेडने साल काढली. बाहेरून धड होती, आत तांब्याची तार तुटलेली. दोन्ही टोकं कधी भिडत, कधी नाही.

नवी वायर घातली. परीक्षेच्या दिवशी मशीन ठेल्यावर घालून कॉलेजात नेलं. अर्धं कमळ छान झालं. मग मोटर अडली. पण ही दुसरीच, पुढे-मागे नेणारी. विकास कानाशी म्हणाला, “जल्दी से वापस ले जा. बोल देंगे, इतना ही बनाना था.”

माझा हात बटणापर्यंत गेला होता. मी तो मागे घेतला. “सर, इसको थोड़ी देर ऐसे ही रहने दें? देखना है.” परीक्षकांनी स्टूल ओढून घेतलं. वायर चाचपायला वीस मिनिटं लागली. शेवटी सगळ्या वायरी जातात त्या कंट्रोल बॉक्सच्या डब्याजवळ सापडलं. वायर दाबून धरणारा स्क्रू ठेल्याच्या धक्क्यांनी ढिला झाला होता. तो मी आवळला तेव्हा टॉर्च आमच्या गाइडसरांनी धरला होता.

संध्याकाळी आत्यांना सांगायला गेलो. मार्क त्यांनी विचारलेच नाहीत. “कुठला स्क्रू? काढून दाखव.” कॅलेंडरच्या पानामागे मी चित्र काढलं. त्या बराच वेळ बघत होत्या. “पण हाच का ढिला झाला? बाकीचे का नाही? ठेल्यावर ही बाजू कुठे होती?” मला माहीत नव्हतं. “मग विचार त्या ठेलेवाल्याला,” म्हणाल्या आणि पान माझ्या हातात दिलं.

ते राहून गेलं. उन्हाळ्यात आत्या गेल्या. त्यांच्या पुतण्याबरोबर मीही मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर होतो. त्यांचे दिवस झाल्यावर मी ठेलेवाल्याला शोधून काढलं. त्याने डोकं खाजवून आठवलं. “डिब्बा पीछे था न, भैया? गली के मोड़ पर पीछे वाला हिस्सा दीवार से भिड़ गया था. डर के मारे बताया नहीं.”

घरी येऊन मी ते कॅलेंडरचं पान काढलं. स्क्रूच्या चित्राखाली लिहिलं: मागची बाजू, वळणावर भिंतीला आपटली.