काशीआईने न्यायाधीशाला खाली बोलावलं

तुमच्यावर कुणी तक्रार केली आणि तिची चौकशी तुमच्याकडेच दिली, तर स्वतःला काय शिक्षा द्याल? खरं सांगा. मी तर स्वतःला निर्दोष सोडून वर चहा पाजला असता.

तळवलीच्या काशीआईची तक्रार अशीच फिरली. वय अडुसष्ट. नवऱ्यामागे घर तिच्या नावावर, पण पुतण्या रणजीतने कुलूप बदललं आणि तो आत घुसला. तेव्हापासून ही स्वतःच्याच घराच्या पडवीत राहते. रणजीत रोज आतून विचारतो, "काकी, लागला का निकाल?"

"लागंल तवा पयला तूच भायेर!"

काशीआईने घरासाठी कोर्टात दावा लावला. साक्षी झाल्या, युक्तिवाद झाले, न्यायाधीशांनी निकाल राखून ठेवला. असा राखला की चौदा महिने बाहेर येईना. साहेब एकला यायचे, दोनला जेवायला जायचे आणि जेवण संध्याकाळपर्यंत चालायचं.

काशीआईच्या वतीने साहेबांवरची तक्रार मी लिहिली आणि वरच्या कोर्टाला पाठवली. मी वकील नाही, नववी नापास आहे, पण नियम कोळून प्यायलोय. वरून उत्तर आलं: निकालाला उशीर झाल्याची तक्रार असल्यास निकालाची प्रमाणित प्रत जोडावी.

गेलो नकलांच्या खिडकीवर. आत दिनानाथ नावाचे बाबू.

"निकालच नाही, तर प्रत कशाची देऊ?"

"तेच लिहून द्या ना."

"नसलेल्या कागदाबद्दल कागद कसा काढू? तुमी लोक म्हणजे नुसतं टेन्शन!"

अर्धा तास भांडलो, तेव्हा त्यांनी हळूच सांगितलं की तक्रार अभिप्रायासाठी खाली आली आहे. कुणाकडे? त्याच साहेबांकडे.

आता काशीआईच्या गावची रीत ऐका. गावकीत पंचावरच तक्रार आली, तर तो पंच देवळाच्या चौथऱ्यावरून उतरतो आणि निवाडा होईपर्यंत खाली चटईवर बसतो. मग तो कितीही मोठा असो. काशीआईला वाटलं, सरकारी कोर्टात एवढी लाज तर असणारच. पुढच्या तारखेला ती चटई काखेत मारून गेली, साहेबांसमोर अंथरली आणि हात जोडून म्हणाली, "सायब, तक्रार तुमच्यावर हाय. जरा खाली या. दुसरा कोनतरी वर बसू द्या."

साहेबांनी चष्मा वर केला. "ही बाई कोण?"

चौदा महिने जिचा निकाल लिहितायत, तीच!

"बाई, हे कोर्ट आहे."

"म्हून तं हात जोडून बोलते. गावान असता तं ओढून उतरवला असता."

मागच्या बाकावरचे वकील फायलीत तोंड घालून हसले. साहेब ताडकन उठून आत गेले. पुढच्या आठवड्यात काशीआईला नोटीस: कोर्टाच्या कामात अडथळा आणला. कुठल्या कामात, ते लिहिलं नव्हतं. खुलासा कुणापुढे द्यायचा? साहेबांपुढेच.

तो खुलासाही राहिला. साहेबांची बदली झाली, मोठ्या कोर्टात, बढतीवर. आमच्या तक्रारीचं काय झालं विचारलं, तर म्हणे गोपनीय. जिने केली तिच्यापासूनही गोपनीय! नव्या मॅडम म्हणाल्या, युक्तिवाद मी ऐकलेले नाहीत, पुन्हा करा.

त्या दिवशी जिन्यात काशीआई मटकन खाली बसली. "मी पडवीनच मरनार काय रं?"

म्हणून आम्ही राज्य सरकारला अर्ज लिहिलाय. तक्रार ज्याच्यावर, त्याच्या हातात ती जाऊ नये. चौकशीला बाहेरची माणसं असावीत. तीन महिन्यांत तक्रारदाराला लेखी उत्तर मिळावं. दोषी निघाला तर घरी पाठवा, वर नको. आणि तक्रार खोटी निघाली तर तेही जाहीर करा, चांगल्या न्यायाधीशाची अब्रू राहील.

अर्ज काशीआईकडेच आहे. या रविवारी तळवलीला या. रणजीत आतून काय बोलतो तिकडे लक्ष देऊ नका. अर्ज अख्खा वाचा आणि पटला तर सही करा. ती आहे तोवर करा.