पुठ्ठ्यामागची नावं

बाळांनो, मस्कतमधली माझी एक चूक तुम्हाला सांगायची राहून गेली आहे.

दोन हजार सालाच्या सुमारास मी मस्कतच्या अझैबा भागात एका वयस्कर इंग्रज साहेबांच्या घरी टायपिंगला जात असे. त्यांच्या आजोबांनी शंभरएक वर्षांपूर्वी पॅसिफिकमधल्या एका बेटावर जाऊन तिथल्या बारा जणांचे फोटो काढले होते. प्रत्येकाचा एक समोरून, एक बाजूने, शेजारी उंची मोजायची काठी. दोन्ही एकाच पुठ्ठ्यावर चिकटवलेले, खाली शाईने फक्त ‘बेटावरची स्त्री’, ‘बेटावरचा पुरुष’ आणि क्रमांक. मागे पेन्सिलीने काहीतरी खरडलेलं. यादी टाइप करायला साहेबांनी ते पुठ्ठे माझ्याकडे दिले. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पेन्सिल म्हणजे कच्चं काम. वही देण्याआधी ते खोडायचं. मी न वाचताच सगळे पुठ्ठे रबराने स्वच्छ केले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी एक पत्र उत्तरासाठी हातात दिलं. त्या बेटावरच्या शाळामास्तरांचं होतं. फोटो पाठवा, मागे नावं आहेत असं तुम्ही कळवलंत, ती तेवढी जपा, इथल्या म्हाताऱ्यांना आपली आजी कोणती ते बघायचं आहे.

साहेबांना काही न सांगता पुठ्ठे पिशवीत घालून मी घरी आणले. तुमचे आजोबा रुवीतल्या ऑफिसातून घरी आले, तेव्हा मी टेबललॅम्प आडवा करून बसले होते. तिरप्या उजेडात पेन्सिलीचे चरे दिसत होते.

“काय शोधतेस?”

“अहो, नावं. मीच खोडलीत.”

“माझ्या खिशातल्या चिठ्ठ्या धुऊन टाकतेस, तेव्हा नाही गं असा लॅम्प लावत!” म्हणाले, पण लॅम्प धरून शेजारी बसले.

एकेक अक्षर जुळवत अकरा नावं लागली. बारावी एक बाई, उन्हाने डोळे बारीक केलेली. तिच्या पुठ्ठ्यामागे लिहिणाऱ्याचा हात हलका पडला होता. चराच नव्हता.

सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “नाव अज्ञात, असं लिहा. कोणाला कळणार आहे?”

पण ते अज्ञात नव्हतं. मी उत्तरात टाइप केलं, ‘हिचं नाव मागे लिहिलेलं होतं. ते मी खोडलं.’ खाली सही केली. साहेबांनी वाचलं, पत्र फोटोंसोबत घातलं आणि पाकीट बंद केलं.

त्यांची पोस्टपेटी मीच उघडायची. किल्ली फिरवली की दर वेळी आधी त्या बेटाचा शिक्का शोधायची. साहेब मायदेशी परतले, तोवर उत्तर आलेलं नव्हतं.