दिवेआगरची झोप

आमच्या घरी कोकण मोबाईलवर यायचं. नवरा नगरजवळ भिंगारला लष्कराच्या एका कचेरीत सिव्हिलियन कर्मचारी. आठवडा सरत आला की जेवण झाल्यावर तो कसले कसले व्हिडिओ माझ्यासमोर धरायचा. दोन दिवसांत बघण्यासारखं कोकण, गर्दी नसलेले किनारे, समुद्राजवळची घरगुती खाणावळ. मी भांडी घासता घासता मान वळवून बघायची आणि म्हणायची, "चांगलं आहे." जाणं होणार नाही हे दोघांनाही ठाऊक असायचं.

सासूबाईंच्या, म्हणजे अम्मींच्या, डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना भरवणं, पुसून घेणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रंदिवस कूस बदलणं, हे सगळं माझ्याकडे. मधल्या वेळात शिलाई. शाळांचे गणवेश मी घरीच शिवते. नवरा रात्री एकदा उठायचा, पण त्याला सकाळी कामावर जायचं असायचं, म्हणून मीच त्याला झोप म्हणायची.

एक दिवस मशीनवरच माझा डोळा लागला आणि सुई बोटातून आरपार गेली. दवाखान्यातून आल्यावर नवऱ्याने नेवाशाला त्याच्या बहिणीला फोन लावला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, कारण तो गल्लीत जाऊन बोलत होता. शुक्रवारी संध्याकाळी नणंद पिशवी घेऊन दारात उभी. (आमच्या घरात दखनी बोलतात, मी ते मराठीत लिहिते आहे.)

"भाभी, उद्या तुम्ही दोघं कोकणात निघा. अम्मीला मी बघते."

"तुला जमेल का?"

"माझी आई आहे ती."

जरा घुश्श्यातच म्हणाली.

शनिवारी पहाटे आम्ही आमच्या जुन्या गाडीतून निघालो. शिरूर कधी गेलं कळलं नाही. ताम्हिणी घाटात नवऱ्याने गाडी बाजूला घेतली. "बघ ना, केवढी दरी आहे." मी डोळे उघडले, दरी बघितली आणि परत मिटले. तो एकटाच खाली उतरला. चहा पिऊन आला आणि गाडी सुरू केली.

दिवेआगरला सुपारीच्या वाडीत एका बाईंकडे खोली घेतली होती. बाई साठीच्या, बोलक्या. त्यांनी सुरमई, तांदळाची भाकरी आणि सोलकढी वाढली. दुसऱ्याने रांधलेलं, गरम, बसून जेवायचं. मला भरून आलं. मी मान खाली घालून जेवले. मग जरा आडवी झाले, ती उठले तेव्हा खिडकीत ऊन उतरलं होतं. घाबरून ताडकन उठले. अम्मींची कूस बदलायची राहिली असंच वाटलं. नवरा शेजारी तोंड उघडं टाकून झोपला होता. झोपेत त्याचा चेहरा फार म्हातारा दिसत होता. एरवी मी त्याच्याकडे इतका वेळ बघतच नाही.

त्याला उठवलं आणि आम्ही समुद्रावर गेलो. सुरूच्या झाडांतून वाट होती. पाणी बरंच आत गेलेलं. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात जाऊन उभा राहिला. मी वाळूत बसले.

थोड्या वेळाने येऊन म्हणाला, "मला वाटलं होतं, इथं आल्यावर फार बरं वाटेल."

"मग?"

"पाय दुखतायत."

आम्ही दोघंही हसलो. लाट आली की आवाज व्हायचा, बाकी काही नाही. कोणी मला हाक मारत नव्हतं.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. अम्मी तिच्या हातून जेवत नव्हत्या. नवऱ्याने व्हिडिओ सुरू केला. अम्मींनी पडद्यावर माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "आत्ता निघालो तर रात्रीतून पोचू," मी म्हणाले. नणंदेने ते ऐकलं असावं.

"यायचं नाही," ती पलीकडून ओरडली. "भूक लागल्यावर जेवेल. फोन ठेवा." आणि तिनेच ठेवला.

आम्ही राहिलो. रविवारी सकाळी नवऱ्याने हरिहरेश्वरला जाऊ असं एकदा म्हणून बघितलं. मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं, तर तोही पुन्हा आडवा झाला. नाश्ता देताना बाई म्हणाल्या, "लोक दोन दिवसांत चार गावं करतात. तुम्ही काहीच बघितलं नाहीत."

"आम्ही झोपायला आलोय," मी म्हणाले. बाईंनी माझ्या पट्टी बांधलेल्या बोटाकडे बघितलं आणि खोली अर्धा दिवस उशिरा सोडली तरी चालेल, असं सांगून गेल्या.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. नणंद ओट्याला टेकून बसली होती, केस विस्कटलेले, दुखऱ्या कमरेला पट्टा. अम्मी अखेर दुपारी जेवल्या होत्या. मी चप्पल काढते तोच ती रडायला लागली.

"भाभी, तू हे रोज करतेस? मी यायची, तासभर बसायची, फळं ठेवून जायची. मला वाटायचं, तू उगाच दमल्यासारखी दाखवतेस."

तिला तसं वाटतं हे मला आधीपासून जाणवतच होतं. तिच्या शेजारी बसले. चहा नवऱ्याने केला, साखर जास्त झाली.

अम्मी माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खिचडी भरवत होते, तेव्हा अडखळत म्हणाल्या, "मासे... ताजे होते?"

"हो अम्मी. सुरमई होती."

"तळलेली?"

मग मी त्यांना सगळं जेवण सांगितलं. मसाला कसा होता, भाकरी किती पातळ होती, ते. त्या ऐकत राहिल्या आणि ताटलीतली खिचडी संपली.

आता नणंद दर महिन्याला एक शनिवार-रविवार येते. कमरेचा पट्टा घरून बांधूनच येते. आम्ही परत समुद्रावर गेलेलो नाही. त्या शनिवारी मी शेजारणीच्या रिकाम्या खोलीत जाऊन दार लावून झोपते आणि नवरा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानातून घरचं सामान आणतो.