घरचा गणपती साच्यातला नको

इंग्रजीला एकदाच होणाऱ्या गोष्टींचं भारी कौतुक. युनिक काय, वन-ऑफ काय, वन्स इन अ लाइफटाइम काय. रोह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवताना हे शब्द मी फळ्यावर लिहायची आणि मुलांना विचारायची, जगात एकच आहे अशी गोष्ट सांगा. सूर्य, हिमालय अशी पाठ केलेली उत्तरं यायची. एकदा जवळच्या अष्टमी गावची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, आमची म्हस. तिच्यासारखी दुसरी नाय." वर्ग खो खो हसला. मी तिला शाबासकी दिली, कारण उत्तर बरोबर होतं.

घरी, पेणला, हाच विषय निराळ्या वाटेने चालायचा. आमचे हे गणपतीच्या कारखान्यात मूळ मूर्ती घडवायचे. मातीची पहिली मूर्ती त्यांनी हाताने करायची, तिच्यावर रबराचे थर देऊन साचा काढायचा, आणि त्या साच्यातून निघालेले गणपती टेम्पो भरभरून मुंबईला जायचे. साचा सोडवताना मूळ मूर्तीचा पार चुराडा व्हायचा. त्याचं त्यांना काही वाटत नसे. घरच्या गणपतीच्या बाबतीत मात्र ते हटून बसायचे. घरचा गणपती साच्यातला नको, हा त्यांचा नियम. रामवाडीच्या आमच्या घरी, मागच्या दाराशी बसून ते दर वर्षी नवी मूर्ती करायचे आणि दीड दिवसाने ती भोगावती नदीत विरघळून जायची.

"अहो, एखादी तरी ठेवा घरात," मी म्हणायची.

"तुझाच शब्द ना गो? वन-ऑफ," असं म्हणून ते हात धुवायला उठायचे. शब्द मीच शिकवलेला.

ते गेले तेव्हा भेटायला आलेले सगळे एकच म्हणत होते, असा माणूस पुन्हा होणे नाही. मला त्या वाक्याचा संताप यायचा. पुन्हा होणे नाही हे मला कुणी सांगायला हवं होतं का? मला आठवत होतं ते सगळं रोजचं, साधं, शंभरदा झालेलं. रोह्याहून येणारी एसटी गडब गावाच्या पुढे आली की मी पर्स आवरायला घ्यायची. किल्ली तळाशी कुठेतरी पडलेली असायची आणि तिची कधी गरजच लागायची नाही. दाराची कडी कोपराने सरकवून, मातीचे हात वर धरून हे विचारायचे, "लेट झाली काय गो गाडी?" वर्षानुवर्षं हाच प्रश्न. कधी कधी मी करवादायची, दुसरं काही सुचत नाही का म्हणून. आता तेवढंच हवं होतं, पुन्हा एकदा आणि मग पुन्हा. त्याच्यासाठी इंग्रजीने असला नटवा शब्द काही काढलेला नाही.

पहिल्या वर्षी गणपती आणला नाही. दुसऱ्या वर्षी जाऊबाई म्हणाल्या, आता बंदच कर, एकटीने कशाला ओढतेस. मी पाट काखोटीला मारला आणि कारखाना गाठला.

मालक आमच्या ह्यांच्या बरोबरीचे, पण ह्यांना दादाच म्हणायचे. त्यांनी माझ्यासाठी एक मूर्ती बाजूला ठेवली होती. "वहिनी, हातघडणीची हाय. नवीन कारागीर आलाय त्याची. सिंगल पीस." मूर्ती सुरेख होती, नाक-डोळे रेखीव. पण हात परका होता, आणि मला ती घरात नको वाटली.

मागच्या फळीवर रंग न लागलेले गणपती ओळीने बसले होते. त्यांच्या मोदकाच्या हाताची करंगळी जराशी वर उचललेली. बशीतून चहा पिताना हे करंगळी अगदी तशीच धरायचे. सगळ्या ओळीची करंगळी तशी होती.

"यातला द्या," मी म्हटलं.

"दादांच्या साच्यातला? पण तुमच्याकडं तर..."

"माहीत आहे मला."

त्यांनी माझ्या हातातला पाट घेतला.

पूजा मोबाइलवर लावली आणि त्यातले गुरुजी सांगतील तशी केली. आरतीला मात्र पंचाईत झाली. एका हातात ताट, दुसऱ्या हातात घंटा, टाळ्या वाजवायला हातच नाही. आरती अर्ध्यातच थांबवली. मी खाली बसून खूप रडले आणि मग उरलेली आरती पुरी केली.

विसर्जनानंतर रिकामा पाट घेऊन मी थेट कारखान्यात गेले. सामसूम होती. मालक फळ्या झाडत होते. "आत्तापासून पाट?" ते हसले. पुढच्या वर्षीही हाच मिळेल ना, असं मी विचारलं. त्यांनी कोपऱ्यातला साचा उचलून हाताने ताणून दाखवला.

"रबर सैल पडलं, वहिनी. बोटं नीट उठत नाय. काढंल अजून एक-दोन वर्षं."

"तोवर मला हाच द्या," मी म्हटलं, आणि पाट तिथेच ठेवून घरी आले.

किल्ली हल्ली पर्समध्ये वरच असते.