एकाच शेपटाचे शब्द

नातीनं पाटी धुतली, ओल्या पाटीचा वास आला अन् बजाजनगरातली ती दुपार आठवली. कंपनीतून लवकर घरी आलो, तर बायको शेजारच्या मास्तरीणबाईंपाशी बसून मोठ्यानं वाचत होती, "लाईट, नाईट, राईट. सगळ्यांचं शेपूट एकच, आय-जी-एच-टी!"

मी म्हणलं, "आपण दोघं अडाणीच बरे, म्हणायचीस. अन् माझ्या माघारी शिकतीस व्हय?"

"तोंड कशाला पाडता? तुम्ही रिटायर झाले, की तुम्हालाबी शिकवते. छडी घेऊन!" ती हसली.

तवा मला लई लागलं होतं. आता त्या रागाचं हसू येतं. मी रिटायर झालो, त्याच साली ती गेली. लोक म्हणतात, देवानं नेलं. मी म्हणतो, कबूल करून दगा दिला तिनं.