लाइट गेली आणि इंटरनेट आलं

तो गुन्हा आठवला की आजही मी आधी आजूबाजूला बघून घेतो. बायको ऐकत असेल तर विषय बदलतो, कारण पुढचं ती माझ्यापेक्षा रंगवून सांगते.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. नाशकात गल्लोगल्ली इंटरनेट कॅफे निघाले होते. आमच्या ठाण्यात मात्र एकच संगणक होता, तोही धूळ बसू नये म्हणून टॉवेलखाली झाकलेला. मी तेव्हा सहायक निरीक्षक होतो. एके दिवशी इंदिरानगर आणि आसपासच्या भागातलं इंटरनेट ठप्प झालं. दिंडोरीच्या एका द्राक्ष निर्यातदाराचा माल परदेशातून यायच्या ई-मेलसाठी अडकला. प्रवेशअर्ज भरणारी मुलं कॅफेत ताटकळली. मुलगा अमेरिकेत असलेले एक आजोबा तर ठाण्यात आले आणि म्हणाले, "त्याचं पत्र येत नाही, मिसिंग नोंदवा."

मग घरोघरी इंटरनेट पुरवणारा केबलवाला तक्रार घेऊन आला. "साहेब, हा हल्ला आहे. चौकातल्या त्या कॅफेतून माझ्या लाइनवर नुसता मारा चाललाय. माझ्या इंजिनिअरनं शोधलंय."

त्याच चौकातला चहाटपरीवाला आमचा खबऱ्या. त्यानं भर घातली, "कॅफेवाल्याचं आणि ह्याचं परवाच वाजलं. 'तुझं नेटवर्क बंद पाडीन' असं भर चौकात बोलला तो."

हेतू मिळाला, ठिकाण मिळालं. मी जीप काढली आणि कॅफेवाल्याला अख्ख्या चौकादेखत उचलून आणलं. वरिष्ठांना फोनवर सांगितलं, त्यांनीही फर्मावलं, "संध्याकाळी अटक दाखवा." संगणक-गुन्ह्यांच्या नव्या कायद्याखाली आमच्या ठाण्याचा हा पहिला आरोपी! मी ओळखीच्या बातमीदाराला संध्याकाळी फोटोग्राफर घेऊन यायला सांगितलं आणि घरी निरोप धाडला, दुसऱ्या युनिफॉर्मला इस्त्री करून ठेव.

आता माझी कर्तबगारी ऐका. त्याला उचलण्याआधी दुकानाचा पंचनामा चालू असताना हवालदार संगणक बंद करायला पुढे झाले. मी गरजलो, "हात लावाल तर जीव घेईन! घटनास्थळ जैसे थे." खुनाच्या जागेवरची चप्पलसुद्धा हलवायची नाही, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. तेव्हा सगळी यंत्रं चालू ठेवून मी शटर ओढलं, कुलपाला लाखेचं सील ठोकलं, पंचांच्या सह्या घेतल्या आणि बाहेर हवालदार बसवले.

कॅफेवाला तिशीचा. गंगेपलीकडच्या, म्हणजे गोदावरीपलीकडच्या मळ्यातलं घर, आईवडील झेंडू-शेवंती लावून बाजारात विकणारे. शेती भावावर सोपवून यानं हे दुकान टाकलेलं.

"बंद पाडीन म्हणालास की नाही?"

"म्हणालो. रागात माणूस काय काय म्हणतो साहेब. मघाशी तुम्ही हवालदारांना 'जीव घेईन' म्हणालात. घेतलात का?"

बाकावरचा शिपाई खोकला. खोकला नव्हता तो.

"साहेब, बाहेरून व्हायरस आलाय. मशीन माझं आहे, पण चालवतंय दुसरंच कोणीतरी. चांदवडच्या मार्केटच्या गेटवर रिकाम्या ट्रॅक्टरची रांग लावली, तर कांदेवाला आत जाईल का? तसं झालंय. आधी ते मशीन बंद करू द्या."

"म्हणजे पुरावा पुसायला मोकळा! मला शिकवतोस?"

तेवढ्यात त्याची आई आली. बाजारातून थेट, फुलांची रिकामी पाटी काखेत तशीच. "साहेब, पोरगं सुटंल का नाय ते सांगा. पेपरात नाव आलं तर त्याच्या दुकानात कुत्रं फिरकायचं नाय."

"मावशी, कायदा आपलं काम करील."

"कायदा करंल हो. तुमी काय करताय ते इचारते मी."

मी टोपी सरळ केली, तोच टेबलावरचा फोन वाजला. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून हवालदार बोलत होते. "साहेब, लोडशेडिंग सुरू झालं. इथला पंखा गेला. झाडाखाली बसू का?"

"बसा," म्हणून मी फोन ठेवला. समोर बसलेल्या केबलवाल्याचा मोबाइल वाजला आणि तो उडालाच. "साहेब, आलं! सगळीकडे इंटरनेट आलं!"

मी मिशीवरून हात फिरवला. "बघितलंत? आरोपी आत, हल्ला बंद."

कॅफेवाल्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

मी चहा मागवला, केबलवाल्याला पोलिसी अनुभवाचं महत्त्व सांगितलं. बऱ्याच वेळानं पुन्हा फोन. "साहेब, लाइट आली. खुर्ची परत पंख्याखाली घेतली." आणि पाठोपाठ केबलवाल्याचा मोबाइल. त्याचा चेहरा पडला. "पुन्हा गेलं."

मग कॅफेवाला अगदी मऊ आवाजात म्हणाला, "साहेब, लाइट आली की मुख्य मशीन आपोआप सुरू व्हायची सोय मी करून ठेवलीय. गिऱ्हाईक खोळंबू नये म्हणून."

आरोपी माझ्यासमोर बाकावर बसला होता आणि हल्ला चालूच होता. शिवाय त्या मशीनला कुणी हात लावू नये म्हणून मी वर बंदोबस्त दिला होता!

पंच पुन्हा जमवले. झेरॉक्सवाला म्हणाला, "सकाळी लावलंत, आता तोडताय?" सील तोडल्याचा वेगळा पंचनामा झाला. कॅफेवाल्यानं केबलवाल्याच्या इंजिनिअरसमक्ष त्या मशीनची वायर उपटली आणि चौकभर इंटरनेट आलं. दोघांनी मिळून मशीन तपासलं. तो व्हायरस खरोखरच बाहेरून शिरला होता. असेच कितीतरी गावांतले, देशांतले संगणक त्यानं राबवायला धरले होते, हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं. केबलवाल्यानं तक्रार मागे घेतली.

वरिष्ठांचा फोन आला. "अटक?"

"सर, आरोपी परदेशात असावा."

"कुठल्या?"

"तपास चालू आहे, सर."

कॅफेवाला आता माझ्याविरुद्ध तक्रार करू शकत होता. मी विचारलं, "घरी सोडू का जीपनं?"

"जीप नको. जीपमधून नेलेलं सगळ्यांनी पाहिलंय. तुम्ही दुकानात चला. गिऱ्हाईक म्हणून बसा. बाकी काही नको मला."

मी शटरजवळच्या, रस्त्यावरून दिसणाऱ्या खुर्चीत युनिफॉर्मवर बसलो. त्यानं मला ई-मेलचं खातं उघडायला लावलं. मी एका बोटानं अक्षरं शोधत होतो आणि तो मागून ओरडत होता, "साहेब, ते नाही, शेजारचं! अहो, दाबून नका धरू!" बाहेर माणसं थांबली, मग हसायला लागली, मग एकेक करून आत आली. बातमीदारही पोहोचला. मी त्याच्याकडे पाठ केली. मावशी दारातून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "या, बगा, माझ्या पोरानं पोलिसाला बसवून ठिवलंय!"

पुढे अनेक गुन्ह्यांत, चोर ज्या दारातून आला त्या घराच्या मालकाची मानगूट धरायची घाई झाली, की मला ती खुर्ची आठवायची आणि हात आपोआप सैल पडायचा. नोकरीत शाबासक्या मिळाल्या, त्या कशाकशाबद्दल होत्या ते आता आठवत नाही. माझ्यामुळे ज्याचं नाव जाणार होतं, त्यानं सूड म्हणून मला फक्त टायपिंग शिकवलं. हे लिहितोय ते त्याच टायपिंगवर. अजूनही एकाच बोटानं.