पडद्यावर अडकलेला हात

लॅपटॉप हळू चालतो म्हणून कोणी रडत नाही. मी रडलोय. आणि तेही माझ्याच दुकानात, झेरॉक्स मशीनच्या मागं तोंड घालून. बाहेर उत्पन्नाच्या दाखल्याला आलेला माणूस विचारत होता, "काय झालं भाऊ, कागद फसला काय?" मी आतूनच म्हटलं, हो, फसला.

बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड गावी, एसटी स्टँडच्या जरा पुढं माझं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, अर्जंट फोटो. दुकानातून म्हातारा होऊन निघालेला एक लॅपटॉप आमच्या घरी होता. त्याची बिजागरी चिकटपट्टीवर तरलेली, बॅटरी केव्हाची मेलेली. वायर जराशी हलली की जागीच बंद. तरी घरात त्याचा मान टीव्हीपेक्षा मोठा होता, कारण दर रविवारी त्याच्यावर माझी बहीण यायची.

बहीण माझ्याहून लहान. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळं बोलणंही आलं नाही. वसतिगृहात राहून शिकली आणि आता संभाजीनगरला एका कंपनीत पॅकिंगला आहे. तिच्यासारख्याच मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. त्या मुली आपसात ज्या खुणांनी बोलतात त्या इतक्या भरभर, की आम्हाला त्यातलं ओ का ठो कळत नाही. आमच्याशी ती घरच्या खुणांनी बोलते. त्या सगळ्या आईनं पाडलेल्या. बाबा म्हणजे मिशीला पीळ. भाकर म्हणजे दोन तळहातांनी थापणं. मी म्हणजे नाकाच्या शेंड्याला बोट. का, ते विचारू नका. माझा राग कुठं बसलेला असतो ते आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे.

मोबाइलवर हे बोलणं जमत नाही. एका हातात मोबाइल धरला की बोलायला एकच हात उरतो, आणि आईला त्या एवढ्याशा चित्रात काही दिसतही नाही. म्हणून लॅपटॉप स्टुलावर, आई-बाबा समोर सतरंजीवर, आणि मी मागं वायर दाबून धरलेला. असा आमचा रविवार.

आधीची विंडोज पार रखडली तेव्हा बुलढाण्याच्या एका दुरुस्तीवाल्याकडून मी तिच्या जागी लिनक्स टाकून आणलं. फुकट, हलकं, व्हायरसची कटकट नाही. लॅपटॉप खरंच लवकर सुरू व्हायला लागला. पण कॉल लावला की बहीण तुटक दिसायची. हात वर गेलेला दिसायचा, मग एकदम मांडीवर. मधलं सगळं गायब. ऐकू येणाऱ्या माणसाचं चित्र अडकलं तरी आवाज येतो. तिचा आवाज म्हणजे ते हातच. आम्ही मात्र "नेटवर्क नाही" म्हणून सोडून दिलं. आपल्याकडं काहीही बिघडलं की दोष नेटवर्कचा.

अशातच तिला उंद्रीकडचं स्थळ आलं. मुलगा ऐकणारा-बोलणारा, ओलिताची शेती, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. घरात आनंद झाला, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं झालं. येणारा-जाणारा नातेवाईक एकच म्हणायचा, "मुक्या पोरीले असं घर भेटून राह्यलं, उपकारच म्हना त्याइचे." हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. स्वतः कमावते, दिवाळीला आम्हालाच कपडे घेऊन येते, आणि उपकार कोणाचे? यांचे?

त्या रविवारी आईनं तिला विचारलं. लग्न, मुलगा, शेत, घर, एकेक खूण सावकाश करून. बहिणीनं उत्तर दिलं. आता आमच्या घरच्या खुणेत 'हो' म्हणजे तळहात पुढं करून खाली-वर हलवायचा, आणि 'नको' म्हणजे तोच तळहात इकडून तिकडं. मी मागून वायर धरून वाकलेलो, मला पडदा तिरपा दिसत होता. त्यावर फक्त एक तळहात दिसला. पाचही बोटं पसरलेली, हवेत तसाच अडकलेला. मग एकदम हात मांडीवर. मग कॉलच गेला.

"काय म्हनली?" बाबांनी विचारलं.

आईनं पदरानं चष्मा पुसला. "हो म्हनते," ती म्हणाली.

बाबांनी तिथंच उंद्रीला फोन लावला. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवसही ठरला.

मला मात्र चैन पडेना. तो तळहात डोळ्यांपुढून जाईना. मी बहिणीला मोबाइलवर लिहून पाठवलं, "उंद्रीच्या मुलाचं तू नक्की काय म्हणालीस?" तिचं उत्तर आलं, "सांगितलं ना आईला रविवारी." आता यातून काय काढायचं? मी बाबांना म्हटलं, पुन्हा एकदा नीट विचारू. बाबा भडकले. "तिनं हो म्हनलं न? मंग काऊन उकरून राह्यला बे तू? लगन काय मोबाइलवर लिहून जुळवतात काय?" म्हटलं, बरं. लिहून नको, तर मग चित्रच नीट करतो. तिचे हात मला सरळ दिसले पाहिजेत, एवढंच. साक्षगंधाआधी एक रविवार हातात होता.

लॅपटॉप दुकानात आणला आणि त्याच्या मागं लागलो. आधी नेटवर्कच तपासलं. दुसऱ्या मोबाइलचं नेट जोडलं, तरी तेच. मग डाउनलोड करून ठेवलेला एक व्हिडिओ लावला, कपाशीवरच्या बोंडअळीचा. नेट बंद असतानाही अळी तुटक तुटक चालत होती. म्हणजे बिचारं नेटवर्क उगाच शिव्या खात होतं.

खिडक्या उघडताना-मिटताना जी सजावट होते ती सगळी काढली. पडद्यावरचा पूर्ण डेस्कटॉपच बदलून एकदम साधा, हलका घेतला. पंखा उघडला तर आत धुळीची गादी. ती ब्रशनं काढली, प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारा मलम असतो तो नवा लावला. रॅमची एक पट्टी रिकाम्या खाचेत जोडली, कारण अशा लॅपटॉपात चित्रासाठी वेगळी मेमरी नसते, रॅममधूनच वाटा जातो. प्रत्येक वेळी जरासा फरक पडायचा आणि मी लहान पोरासारखा खूश व्हायचो. मग व्हिडिओ लावायचा, आणि ती अळी पुन्हा जागच्या जागी. त्या मशीनमागं मी रडलो तो याच आठवड्यात. बाहेर गिऱ्हाईक फॉर्म भरायला उभं, घरी आई साक्षगंधाला कोणाकोणाला बोलवायचं ते ठरवतेय, आणि इथं माझी अळी चालेना. हसायला येईल वाचणाऱ्याला. मला नव्हतं येत.

शेवटी एक कमांड देऊन विचारलं, बाबा रे, तुझं चित्र काढतंय तरी कोण? तिथं ग्राफिक्स चिपचं नाव यायला हवं होतं. आलं भलतंच. म्हणजे चिप आत ठणठणीत असून रिकामी बसलेली, आणि चित्रं काढायचं सगळं काम मुख्य प्रोसेसर एकटा करत होता. घरात कमावता माणूस असताना म्हाताऱ्यानं नांगर धरावा, तसं. कारण शोधता शोधता सुरुवातीच्या ओळीत, लॅपटॉप चालू होताना जी वाचली जाते तिच्यात, एक शब्द सापडला: नोमोडसेट. लिनक्स टाकताना पडदा काळा पडत असला की हा शब्द घालतात. त्याचा अर्थ, चिपच्या वाटेला जाऊ नको, कसंबसं चालव. हा शब्द तेवढ्यापुरताच असतो. दुरुस्तीवाल्यानं तो कायमचा ठेवून दिला होता. मेल्या, पडदा दिसला, काम झालं, गिऱ्हाईक गेलं! मी त्याला जे काही बोललो ते इथं लिहिता येणार नाही.

शब्द काढला, ओळ जतन केली, लॅपटॉप पुन्हा चालू केला. पडदा काळा. मग एकदम उजाडलं. ब्राउझरमध्ये व्हिडिओचं काम चिपकडं देण्याची सेटिंग बंद होती, तीही चालू केली. अळी बोंडावरून सरसर चढत गेली. आयुष्यात बोंडअळी पाहून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

घरी नेऊन आईला दाखवलं. "पाह्य, आरशासारखं दिसते."

आई पडद्याकडं पाहत राहिली. "आता समदं नीट दिसते काय?"

"समदं."

"बरं," म्हणाली आणि चुलीकडं गेली. मला वाटलं, दमली असेल.

रविवार आला. बहीण पडद्यावर आली आणि मी बघतच राहिलो. तिच्या कानातले बारीक खडे दिसत होते, मागच्या भिंतीवर पळणारी पाल दिसत होती. आईनं जेवणखाणाचं विचारलं, कामाचं विचारलं, मैत्रिणींचं विचारलं. लग्नावर काही येईना. मग मीच पुढं सरकलो आणि खूण केली: लग्न. उंद्री. तू?

बहीण जरा चक्रावली. तिनं नाकाच्या शेंड्याला बोट लावलं, म्हणजे मलाच उद्देशून. आईला सांगितलं होतं. आणि तळहात उचलला. इकडून तिकडं, इकडून तिकडं. नको. मग पुढचं सांगितलं: इथं मैत्रिणी आहेत, इथं मी बोलते. तिथं माझ्याशी कोण बोलणार? आणि बोटांनी स्वतःचे ओठ चिमटीत धरले.

खोलीत कोणी हललं नाही. बाबा मिशीवरून हात फिरवत जमिनीकडं पाहत होते. आमच्याकडून काहीच उत्तर येईना म्हणून ती पुन्हा तेच सांगू लागली, आता सावकाश, एकेक खूण सुटी करून, जसं लहान पोराला समजावतात तसं. मग तिनं दोन्ही मुठी एकमेकींवर आपटून धरल्या. अडकलं काय?

"सांग तिले," बाबा हळूच म्हणाले, "अडकलं म्हना. दिसून नाही राह्यलं म्हना. मंग पाहू आपन."

मी आईकडं वळलो. "तू तर हो म्हनली होती!"

"मले तवाच समजलं होतं," आई म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसा. "हात अडकले होते. तिच्या तोंडावरचं 'नको' थोडीच अडकलं होतं."

"मंग काऊन असं केलं, माय?"

"आमच्या मागं तिचं कोन करीन? तू करशीन? उद्या तुही बायको येईन, मंग?" तिचा आवाज आता फाटला. "मी गेल्यावर तिचे हात कोन वाचीन रे?"

इतका राग आला होता, आणि त्या रागाला कुठं टाकावं तेच कळत नव्हतं, कारण ती खरंच घाबरलेली होती. पडद्यावर बहीण अजून मुठी धरून वाट पाहत होती. मी हात वर केले. अडकलं नाही. दिसतंय. तू म्हणालीस ते समजलं.

तिनं विचारलं, आईलाही?

मी काही सांगायच्या आत आईनंच तळहात पुढं केला आणि खाली-वर हलवला. हो.

त्या दिवशीही?

आईचा हात जरा थांबला. मग पुन्हा तसाच हलला. बहिणीनं तो हात शेवटपर्यंत पाहिला आणि कॉल बंद केला.

उंद्रीला फोन मीच लावला. त्यांनी मला जे ऐकवायचं ते ऐकवलं, मी ऐकून घेतलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. बाबा कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. बहीण आता दुकानाच्या वेळात माझ्या मोबाइलवर येते. मी मोबाइल स्टेपलरला टेकवून उभा करतो (हे आधी का सुचलं नाही कोण जाणे), ती तिचा कुठंतरी टेकवते, आणि आमचं दोन्ही हातांनी बोलणं होतं. काम, पगारवाढ, नवी मैत्रीण, सगळं सांगते. आई दिसू दे, असं म्हणत नाही. मीही म्हणत नाही.

रविवारी जेवणं झाली की आई अजून स्टूल पुसून लॅपटॉप त्याच्यावर ठेवते, वायर लावते आणि सतरंजीवर बसते. बराच वेळ बसून झालं की मला हाक मारते, "लॅपटॉप पुन्हा बिघडला काय रे?"

"नाही माय," मी म्हणतो. "चांगला चालून राह्यला."